अनुभव धागा: ‘अ टच ऑफ झेन’मधलं बांबूचं वन

वारा सुटला की कळकाच्या बेटातून करकर येते ना, ती ऐकली आणि दिग्दर्शक किंग हू यांच्या या चित्रपटातली बांबूच्या वनातली लढाई डोळ्यांपुढे आली. तैवानमध्ये दोन भागांत लागलेला, १९७५ला कान महोत्सवात तांत्रिक पारितोषिक मिळवलेला. ती लढाई दहा मिनिटांचीही नाही, पण चित्रीकरणाला २५ दिवस लागले. बारकाईने पाहणाऱ्यांनी लिहा, नेमकं कुठे लक्ष ठेवायचं?

—

उड्यांची भिस्त ट्रॅम्पोलिनवर. ते चौकटीच्या खाली राहील असा कॅमेरा लावायचा. नटाने उसळी घेतली की तो खाली यायला लागण्याआधी शॉट तोडायचा. मग पानांतून सरकलेली आकृती, मग जमिनीवर टेकलेले पाय. मधलं अंतर आपणच भरतो.

—

वरच्याला जोडून. फिल्मवर सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम), आणि यातले काही शॉट जेमतेम ८ चौकटींचे, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. काहीतरी गेलं एवढं कळतं, कसं गेलं ते कळत नाही. हाच शॉट लांबवला तर अंग जड होऊन खाली येताना दिसतं. मग ते उडणं राहत नाही.

—

आधी प्रतीची लांबी बघा!! तीन तासांचा हवा. दोनच्या आसपास असेल तर कापलेला.

—

आणि पहिला जवळजवळ तासभर लढाई नाही, म्हणून पुढे ढकलू नका. त्या वेळात ओसाड गढीच्या भिंती, वाटा, गवत सगळं दाखवून ठेवलंय. ते चुकलं तर रात्री शत्रूच्या सैनिकांसाठी लावलेला सापळा समजत नाही. बुजगावणी, घंटा, भुताच्या अफवा. सकाळी गू, म्हणजे कथेचा नायक, स्वतःच्या युक्तीवर हसत फिरतो आणि मग त्याला प्रेतं दिसायला लागतात... काय प्रसंग आहे तो.

—

मूळ कथा जुने चिनी कथाकार पू सोंगलिंग यांची. गढीतलं भुताटकीचं वारं तिकडूनच आलेलं.

—

हान यिंगच्ये यांना विसरू नका. लढाया त्यांनी बसवल्या, शेवटचा सेनापतीही तेच. पेकिंग ऑपेरात, म्हणजे गाणं नि कसरतींच्या पारंपरिक चिनी नाटकात तयार झालेले, म्हणून धाव, एकदम थांबणं, नजर, परत धाव. संगीतातल्या लाकडी टिपऱ्यांचा ठेका कान देऊन ऐका. सेनापतीच्या मुलांत तरुण सॅमो हंग आहे 🙂

—

थोडं अवांतर, बांबूबद्दल. आपल्या मेस-माणग्यासारख्या जाती बेट करून वाढतात, काठ्या जवळजवळ. पडद्यावरचे सुटे सुटे उभे आहेत. जमिनीखाली लांब पसरणाऱ्या खोडाच्या जातीत असं होतं. म्हणून तर तलवार फिरवायला जागा आणि वरून उन्हाच्या तिरिपी.

—

माणगा मधे भरीव की पोकळ हो?

—

भरीव.

—

२०००च्या ‘क्राउचिंग टायगर’ या चित्रपटातही बांबूच्या शेंड्यांवरची लढाई आहे, पण तिथे नटांना तारा बांधून नंतर संगणकावर पुसल्या. तिथे शेंड्यावर झुलणं सावकाश दाखवता येतं, कापाकापी लागत नाही. दोन्ही पाठोपाठ बघा, फरक लगेच कळेल.

—

मोबाईलवर चालेल का?

—

नको. रात्रीचा हल्ला काळोखातच आहे, छोट्या पडद्यावर नुसता काळा डाग दिसेल. खोलीतले दिवे बंद करून मोठ्या पडद्यावर, जमलं तर २०१५च्या सुमारास नव्याने दुरुस्त केलेली ४के (जास्त बारकाव्याची) प्रत. शेवटी बौद्ध महंताच्या जखमेतून सोनं वाहतं, तो रंग तिथे खरा दिसतो.