मोरा ते भाऊचा धक्का लाँच: ओहोटीची वेळ आधी कशी ओळखायची?

उरणात_नवीन: कामासाठी उरणच्या मोरा बंदरातून मुंबईला लाँचने जाणं सुरू करायचंय. पण 'ओहोटीमुळे फेऱ्या बंद' ही पाटी काही दिवस लागोपाठ लागते, मग आठवडाभर तिचं नावही नसतं. यात काही हिशेब आहे का? शिवाय सत्तरीच्या आईबाबांना घारापुरी दाखवायचीय. मोऱ्याहून जावं की गेटवेहून?

खाडीकाठ: हिशेब आहे, आणि तो भिंतीवरच्या कालनिर्णयात आहे. तिथीची पाऊणपट करा, मुंबई बंदरातली पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास भरती. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच, पुनवेला नि अवसेला 15 धरायचे. त्यात सव्वासहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, तेवढा सोडा.

आता मजा बघा. उधाण (मोठी भरती-ओहोटी) अवस-पुनवेला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत सर्वात जोरात असतं. द्वितीयेला भरती दीड वाजता, म्हणजे सुकती सकाळ-संध्याकाळ पावणेआठच्या सुमारास. नेमकी चाकरमान्यांची वेळ! अष्टमीच्या आसपास सुकती भर दुपारी येते, पण तेव्हा भांग (लहान भरती-ओहोटी) असल्याने पाणी फारसं उतरतच नाही. म्हणून तुम्हाला आठवडा गोंधळाचा आणि आठवडा शांत दिसतो.

तांडेल: वर लिहिलंय ते बरोबर, पण फेऱ्या बंद होतात त्या गाळामुळे. मोऱ्याच्या धक्क्यासमोर गाळ साचतो. काढला तरी पुन्हा भरतो. उधाणाच्या सुकतीला लाँचचा तळ टेकतो, पंखा गाळात फिरतो आणि इंजिनाला थंड करायला ओढलेल्या पाण्याबरोबर चिखल आत जातो. पाणी असताना लाँच सुटली तरी पलीकडून परत येऊन धक्क्याला लागेपर्यंत तेवढंच पाणी राहील याची खात्री नसते, म्हणून फेऱ्या आधीच थांबवतात.

भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळेपेक्षा उंचीचा आकडा आधी बघा. ओहोटी 2 मीटरच्या आसपास असेल तर निर्धास्त जा. अर्ध्या मीटरच्या खाली असेल तर त्या वेळेच्या आधीचा नि नंतरचा दीड-दीड तास सोडून द्या. त्या दिवसांसाठी उरण-नेरूळ लोकल (जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत येते) हाताशी ठेवा. अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, तो बेत करू नका. पावसाळ्यात बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला की तिथी बघण्यात अर्थ नाही, फेऱ्या बंदच.

शेतबंदर: आईबाबांना गेटवेहूनच न्या. इकडच्या होड्या बेटावरच्या लोकांच्या सोयीने चालतात: सकाळी बाजार, दवाखान्यासाठी बाहेर, संध्याकाळी परत. आणि घारापुरीवरच्या एका गावाचं नावही मोराबंदर आहे, तेव्हा होडीवाल्याशी बोलताना घोटाळा नको.

सोमवारी लेणी बंद असतात. गेटवेहून तासाभराचा प्रवास, आणि बेटावर पर्यटकांना मुक्कामाची परवानगी नाही, त्यामुळे परतीची शेवटची बोट किती वाजता ते उतरतानाच विचारा. धक्का लांबलचक आहे, छोटी गाडी मिळते. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, तिथे डोली मिळते; भाडं आधी ठरवा, जाऊन-येऊन की नुसतं वर, तेही. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवलीत तर माकडं नेणार.

खरी अडचण चढ-उतारात आहे. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी चढतं किंवा उतरतं. उधाणाला ते दोन मीटरच्या वर जातं. सुकतीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असतं. म्हणून पूर्ण भरतीच्या मागेपुढे तासाभरात बोटीत चढता येईल असा दिवस निवडा. खाडीकाठ यांच्या पाऊणपटीच्या हिशेबाने एकादशी-द्वादशीला भरती सकाळी सव्वाआठ-नऊला येते. अर्थात परतताना पाणी उतरलेलं असणार. तेव्हा घाई न करता खलाशाचा हात धरू द्या. बोट वर येऊन क्षणभर थांबते, तेव्हाच पाय टाकायचा. बोट आणि धक्का यांच्यामधल्या टायरवर हात किंवा पाय अजिबात टेकवू देऊ नका.

उरणात_नवीन: लाइफ जॅकेट ज्येष्ठांनाही घालावंच लागतं का? बाबांना गुदमरल्यासारखं होतं.

तांडेल: घालायचंच. डिसेंबर 2024 मधल्या घारापुरीच्या बोटीच्या अपघातानंतर तर त्यात सूटच नको. जॅकेटचे बंद छातीवर आवळा, पण दोन बोटं आत जातील इतपत. नुसतं गळ्यात अडकवलं तर पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जातं. बाबांना खालच्या डेकवर मधोमध, उघड्या बाजूला बसवा. मागे डिझेलचा धूर येतो, आणि पुढे दुपारनंतर वाऱ्याने पाणी अंगावर उडतं.