सल्ला हवा: आईच्या ओव्यांची फाइल डी ड्राइव्हवर सापडत नाही

गोदाकाठ:
आईने २०११ च्या सुमारास मावश्या-आत्यांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करून गावातल्या डीटीपीवाल्याकडे टाइप करून घेतल्या होत्या. फाइलचं नाव कुणालाच आठवत नाही. जुन्या मशीनवरचं सगळं आता डी ड्राइव्हवर आहे. विंडोज १०. स्टार्टच्या सर्चमध्ये 'माहेर' टाकलं, एकही फाइल आली नाही. विंडोजमध्ये आहे त्याच सोयीने शोधायचंय. खर्च शून्य, नवं काही इन्स्टॉल करायचं नाही.

चाफा७:
एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसवा. मी दिवाळीत १ टीबीची घेतली, तेव्हापासून सर्चची तक्रार नाही. जुनी डिस्क काढून टाका.

सह्यवारा:
डिस्क अजिबात काढून टाकू नका, फाइल त्यातच आहे! मूळ कारण वेगळं आहे. विंडोज शोधासाठी फायलींची आधीच यादी करून ठेवतं, त्याला इंडेक्सिंग म्हणतात. ते 'क्लासिक'वर असतं, म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढंच. डी ड्राइव्ह त्यात येत नाही. सेटिंग्ज, सर्च, मग सर्चिंग विंडोजमध्ये जाऊन 'एन्हान्स्ड', म्हणजे अख्खं मशीन, निवडा आणि मशीन रात्रभर चालू ठेवा.

मॅकप्रेमी_ठाणे:
आमच्याकडे मॅकवर स्पॉटलाइट ही शोधायची सोय २००५ पासून आहे. कमांड-स्पेस दाबा, पीडीएफच्या आतला शब्दसुद्धा सापडतो. पुढचं मशीन मॅकच घ्या.

रानपाखरू:
एन्हान्स्ड नको! माझा जुना लॅपटॉप दोन दिवस तापला होता. मी इंडेक्सिंग कायमचं बंद केलं.

सह्यवारा:
ते पहिल्यांदाच होतं. एकदा यादी तयार झाली की फक्त बदललेल्या फायली तपासल्या जातात. बंद केलंत तर प्रत्येक शोधात अख्खी डिस्क चाळावी लागते.

चाफा७:
म्हणूनच एसएसडी.

पानजोडणी:
मी वीस वर्षं डीटीपी केलं आहे. २०११ चं काम म्हणजे बहुधा युनिकोड, म्हणजे संगणकाला मराठी अक्षरं मराठी म्हणूनच कळतात ती पद्धत, नाही. तेव्हा आम्ही श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट वापरायचो. त्यात संगणकाला दिसतात ती इंग्रजी अक्षरंच, मराठी रूप फॉन्ट देतो. कृतिदेव ०१० मध्ये 'माहेर' म्हणजे ई-के-जी-एस-जे. ही पाच अक्षरं सलग, इंग्रजीत, लहान लिपीत टाकून बघा. प्रत्येक फॉन्टची जुळणी वेगळी, त्यामुळे श्रीलिपीत हे चालणार नाही. आणि पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची फाइल असेल तर आतला मजकूर विंडोज शोधतच नाही.

रानपाखरू:
+१. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेचं हेच झालं. शेवटी सगळं पुन्हा टाइप केलं.

भातशेती:
एव्हरीथिंग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फायलींची नावं काही सेकंदांत दाखवतं.

गोदाकाठ:
नावच माहीत नाही. आणि इन्स्टॉल करायचं नाही म्हटलंय.

पानजोडणी:
मग तारीख धरा. डी ड्राइव्ह उघडून वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत इंग्रजीत 'डेटमॉडिफाइड', अपूर्णविराम (कोलन) आणि २०११ असं सलग टाका. फाइल कॉपी केल्यावर 'क्रिएटेड' तारीख बदलते, 'मॉडिफाइड' जुनीच राहते, म्हणून तीच घ्या. इंडेक्स नसला तरी चालतं, फक्त वेळ लागतो.

मॅकप्रेमी_ठाणे:
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, एवढंही लक्षात घ्या.

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार. तारखेने ३१८ फायली आल्या. एन्हान्स्ड करत नाही, डिस्कही बदलत नाही, इंग्रजी अक्षरांचा शोधही राहू दे. आई म्हणाली, "मी बघते एकेक." ऑल्ट-पी दाबून उजवीकडे प्रिव्ह्यू उघडून दिलाय, खालचा बाण दाबत ती दोन संध्याकाळी बसली आहे. ओव्या अजून नाहीत, पण माझ्या मुंजीची आमंत्रणपत्रिका आणि आजीच्या हातच्या लोणच्याची कृती सापडली. ती वाचायला आई बराच वेळ थांबली. काही फायली नुसत्या इंग्रजी अक्षरांच्या दिसतात, त्या वेगळ्या लिहून ठेवतोय.

पानजोडणी:
त्यांचा फॉन्ट तुमच्या मशीनवर नाही एवढंच, मजकूर शाबूत आहे. त्या उघडल्या तरी सेव्ह करू नका, मॉडिफाइड तारीख आजची होईल आणि २०११ च्या यादीतून फाइल निघून जाईल. आधी पूर्ण फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. दोन-चार ओळी इथे टाका, फॉन्ट कोणता ते मी सांगते.