जमिनीवर झोपणं: थर, उशी, ओल आणि उठणं (अनुभव धागा)

पलंग सोडून जमिनीवर झोपण्याबद्दल दोन टोकाची मतं कायम ऐकू येतात. एक म्हणतं पाठ सरळ होते, दुसरं म्हणतं पाठ जाते. खाली नेमकं काय अंथरलं होतं, ते मात्र दोघंही सांगत नाहीत. म्हणून या धाग्यावर तेवढंच लिहा: काय अंथरायचं, किती जाड, कशावर, काय बिघडतं आणि का. ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत नुसत्या सतरंजीवर झोपले’ हे कृपया नको.

* * *

जाडीपासून सुरू करते. उताणं झोपलं की वजन डोक्याची मागची बाजू, खांद्यांची पाती, कमरेखालचं सपाट हाड आणि टाचा यांवर वाटलं जातं. अशा माणसाला दाबल्यानंतर ४-५ सेंटिमीटर उरेल एवढी गादी पुरते. कुशीवर झोपणाऱ्याचं बहुतेक वजन खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतं, त्याला ७-८ सेंटिमीटर हवेत. ‘दाबल्यानंतर’ हा शब्द विसरू नका. दुकानात ४ इंच दिसणारी भुसभुशीत गादी खुब्याखाली एक इंचही उरत नाही.

तपासायची सोपी युक्ती: गादीवर एका गुडघ्याने पूर्ण भार द्या. फरशी लागली तर रात्री खुब्यालाही लागणार.

पलंगावरून थेट सतरंजीवर उतरू नका. १० सेंटिमीटरपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला एक गोधडी काढून घ्या. पहिले आठ-दहा दिवस खुबा हुळहुळतो, त्याचं काही नाही. पण हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल तर नस दबते आहे, तिथे सवयीची वाट पाहू नये. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात गेला नाही आणि हे तीन आठवडे चाललं, तर एक थर परत घाला. यात हरण्यासारखं काही नाही.

* * *

जमिनीवर आल्यावर मान धरण्याच्या निम्म्या तक्रारी उशीच्या असतात. पलंगावरच्या मऊ गादीत खांदा रुततो, म्हणून तिथे ७-८ सेंटिमीटरची उशी चालून जाते. खाली खांदा रुतत नाही आणि त्याच उशीवर मान खाली लोंबते. दोष मिळतो जमिनीला.

माप असं घ्या: खांदा भिंतीला टेकवून उभं राहा, मान सरळ ठेवा आणि कानापासून भिंतीपर्यंतचं अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. त्यातून गादी दबते तेवढे एक-दोन सेंटिमीटर वजा केले की कुशीवरच्या उशीची उंची मिळते. ती बहुधा १० ते १३ सेंटिमीटर येते. हे माप डोकं ठेवल्यावर दबलेल्या उशीचं आहे, फुगलेल्या उशीचं नाही.

उताणं झोपायला ५ ते ७ सेंटिमीटर पुरे. घडी घातलेला टॉवेल सर्वांत बरा, घड्या कमी-जास्त करता येतात. गुडघ्यांखाली एक लोड ठेवला की कमरेची कमान जमिनीकडे टेकते आणि कंबर सैल पडते. कुशीवर असाल तर दोन गुडघ्यांमध्ये उशी, नाहीतर वरचा पाय पुढे पडून कंबर पिळते. पालथं झोपणं जमिनीवर सगळ्यात वाईट, कारण मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते. सवय सुटतच नसेल तर डोक्याखालची उशी काढा आणि पोटाखाली दुमडलेली चादर घ्या.

* * *

ओलीबद्दल कुणी लिहिलंच नाही अजून! पाठीपेक्षा आधी गादी जाते, तीही खालून.

झोपेत त्वचेतून वाफ बाहेर पडत राहते आणि गादीतून खाली झिरपते. फरशी थंड असेल तर ती तिथे पाणी होऊन बसते. हिशेब सांगतो: खोलीत २५ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे १९ अंश येतो. फरशी त्याहून थंड असली की खोलीतल्या नुसत्या हवेनेही तिच्यावर दव धरतं. गादीखाली घामाची भर पडते, म्हणून तिथे त्याआधीच. पलंगाखालून हवा खेळते, इथे ती कोंडते. आठवड्याभरात कुबट वास, मग काळे ठिपके.

फरशीतूनच ओल येते का, हे आधी पाहा. साधारण ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लॅस्टिक जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि २४ तास ठेवा. थेंब आतल्या बाजूला असले तर ओल जमिनीतली. वरच्या बाजूला असले तर ती हवेतली, मग खोलीची हवा खेळती करा.

* * *

मग प्लॅस्टिकच अंथरून वर गादी टाकली तर?

* * *

जमिनीची ओल अडेल, घामाची अडकेल. गादीतून आलेली वाफ प्लॅस्टिकवर थांबते आणि गादीची खालची बाजू आणखी लवकर भिजते. प्लॅस्टिक हवंच असेल तर त्यावर लाकडी पट्ट्यांची जाळी: २-३ सेंटिमीटर उंच पट्ट्या, मध्ये ४-५ सेंटिमीटर फट, वर गादी. फट त्याहून मोठी ठेवली तर पातळ गादी त्यात लोंबते आणि पट्ट्या टोचतात. जाळी नको असेल तर जाडसर विणीची चटई घ्या, पण मग गादी रोज उचलावीच लागेल. रोज म्हणजे रोज. सकाळी भिंतीला कडेवर उभी करायची. लगेच घडी घालून कोपऱ्यात ठेवली तर ओलावा आत बंद होतो.

थंडीबाबतही एक. ग्रॅनाइटमधून उष्णता लाकडाच्या दहापटीहून वेगाने जाते. पाठीला गार लागतं म्हणून लोक पांघरूण वाढवतात, त्याने खालची गळती थांबत नाही. अंथरुणात अडकलेली हवा ऊब धरते आणि वजनाने ती दबून निघून जाते. म्हणून ज्यादा ब्लँकेट अंगावर न घेता खाली घाला.

* * *

कापसाच्या गादीबद्दल. ६ फूट बाय ३ फूट मापाला ८ ते १० किलो कापूस भरला की साधारण ३ इंचाची, जमिनीला योग्य अशी घट्ट गादी होते. टाके मारलेलेच हवेत, ७-८ इंचांवर. टाके कमी असले की कापूस कडेला सरकतो आणि मध्ये, नेमका खुब्याखाली, खळगा पडतो. आठवड्यातून एकदा दोन्ही बाजूंनी ऊन द्या, बाजू आणि डोकं-पाय दोन्ही बदला. गोळे हाताला लागायला लागले की कापूस पिंजून घ्यायचा. वरून आणखी भरल्याने गोळे जात नाहीत.

फोम घेणाऱ्यांनी घनता विचारावी, नुसती जाडी नाही. दर घनमीटरला ३२ किलोपेक्षा हलका फोम जमिनीसाठी घेऊ नये, तो लवकर चपटतो. आणि फोमला कडक ऊन दाखवू नका. उन्हाने तो पिवळा पडून भुगा होतो. सावलीत वाऱ्याला उभा करा.

* * *

‘कडक तेवढं चांगलं’ यावर थोडं. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांना कडक किंवा मध्यम कडक गाद्या देऊन ९० दिवसांनी तपासलं. मध्यम कडक गादीवाल्यांना दुखणं आणि हालचालींची अडचण, दोन्हींत जास्त उतार पडला. जमिनीवर कुणी झोपलं नव्हतं, पण उघड्या फरशीला कंबरदुखीचं औषध म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. माझ्या मते जमीन पाया म्हणून उत्तम, बिछाना म्हणून नाही.

* * *

उठण्याची रीत, कारण कंबरेत उसण भरते ती बहुधा इथेच. उताण्यावरून सरळ उठून बसू नका. आधी गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकत्र वळवून कुशीवर या. कोपर आणि दुसऱ्या हाताचा तळवा यांवर भार देऊन बसा. अर्धा-एक मिनिट थांबा, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर. मग चारही हातापायांवर या, एक पाऊल पुढे रोवा, हात त्या मांडीवर किंवा शेजारच्या स्टुलावर आणि उभे राहा. स्टूल जड हवा. सरकणारा स्टूल नसलेला बरा. खाली बसताना हेच उलट क्रमाने.

झोपायला लागण्याआधी दिवसा पाच वेळा हे करून पाहा. पाचव्यांदा कुणाचा तरी हात लागत असेल, तर रात्री लघवीला उठताना काय होईल याचा विचार करा आणि बुटका पलंग घ्या.

* * *

या मंडळींनी खाली झोपू नये: हाडं ठिसूळ झालेले, खुब्याचा सांधा नुकताच बदललेले, गुडघे पार झिजलेले, मधुमेहाने पायाची संवेदना गेलेले (टाच दाबली गेल्याचं कळतच नाही) आणि स्वतःहून कूस बदलू न शकणारे. शेवटच्यांना हाडांच्या उंचवट्यांवर जखमा होतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मुख्य अडचण उठण्याची.

तान्ह्या बाळाचं वेगळं. वर्षाखालच्या बाळाला घट्ट, सपाट गादीवर उताणंच निजवायचं. उशी नाही, सैल गोधडी नाही. मोठ्यांच्या खळगा पडलेल्या गादीवर तर नाहीच. गादी आणि भिंत यांमध्ये फट ठेवू नका, बाळ घरंगळून तिथे अडकतं. खाली झोपलं म्हणजे पडायची भीती नाही, एवढंच खरं.

* * *

मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा, नुसती जमिनीवर सोडलेली उपयोगाची नाही. ज्या भागात मण्यार सापडतो तिथे तर हा जिवाचा प्रश्न आहे. हा साप रात्री फिरतो, चावल्याचं अनेकदा कळतही नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात कळा, पापण्या मिटत येणं, गिळायला त्रास, असं दिसलं तर खूण शोधत न बसता थेट दवाखाना. अशा ठिकाणी, आणि विंचू निघतात तिथेही, शक्य असेल तर खाटच वापरा.

* * *

धुळीचं राहिलं. झोपण्याच्या तोंडावर झाडू मारू नका, उडालेली धूळ परत खाली बसायला वेळ लागतो आणि ती नेमकी नाकाच्या उंचीवर असते. ओल्या फडक्याने पुसा, फरशी पूर्ण सुकू द्या, मगच अंथरूण. टेबलफॅन जमिनीवर ठेवू नका. दम्याचा त्रास असेल तर चादर, अभ्रे, खोळ आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. धुळीतले सूक्ष्म किडे त्याहून कोमट पाण्यात मरतीलच असं नाही.

* * *

ढेकणांसाठी पलंग काढून टाकायचा विचार असेल तर थांबा. ते गादीच्या शिवणीत, भिंतीच्या भेगांत आणि पट्टीमागे राहतात, पलंग गेला तरी जात नाहीत. आधी त्यांचा बंदोबस्त, मग खाली उतरा.