घरातल्या कढीपत्त्याला किती इंची कुंडी? मुळं खालून बाहेर आलीत (मदत हवी आहे)

जास्वंदी

नमस्कार मंडळी. आम्ही कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागात नवव्या मजल्यावर राहतो. बाल्कनी आहे, पण तिचा उपयोग मे अखेर ते सप्टेंबर एवढाच. एरवी कढीपत्ता हॉलमध्ये दक्षिणेच्या खिडकीशी असतो, वर एक ग्रो लाइट (झाडांसाठीचा दिवा). झाड दोन-सव्वादोन फुटांचं आहे आणि अजून त्याच ६ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत आहे, जिच्यात विकत आणलं होतं.

थंडी सुरू झाल्यापासून पाणी घातलं की सर्रकन खालच्या ताटलीत उतरतं आणि दुसऱ्या दिवशी माती पुन्हा कोरडी ठक्क. खालच्या भोकांतून मुळं डोकावतायत. नवी फूट बंद, खालची पानं पिवळी पडून गळतायत. फोडणीला चार पानं तोडायचीसुद्धा भीती वाटते.

सासूबाईंचं फोनवर म्हणणं, "एकदाच मोठ्या कुंडीत लाव, सारखं हलवायला नको." नवऱ्याने सेलमध्ये १४ इंची सिरॅमिकची कुंडी बघून ठेवली आहे, दिसायला फार सुंदर, पण तळाला भोक नाही. तर ८, १०, १२ की सरळ १४? आत्ता फेब्रुवारीत बदलू की थांबू? आणि गुंतलेली मुळं कापायची असतात का?

अंगणवेल

एका वेळी २ इंच. म्हणजे ६ वरून ८. भोक नसलेल्या कुंडीत झाड लावू नका, मग ती कितीही सुंदर असो.

रत्नागिरीकर

अहो ताई, आमच्याकडे कढीपत्ता मोरीच्या सांडपाण्यावर वाढतो. कोणी लावत नाही, कोणी विचारत नाही, दरवर्षी कोयत्याने छाटावा लागतो नि आजूबाजूला फुटवे येतात ते वेगळेच. ;) आंबट ताक पातळ करून घाला, पानं कशी काळीभोर होतात बघा.

माळीबुवा

रत्नागिरीकर, तुमच्या परसात ताक ठीक आहे. बंद खिडक्यांच्या हॉलमध्ये ताक घातलं की वास तर येतोच, वर ओल्या मातीवर चिलटं धरतात. जास्वंदीताई, ताक नको.

आता मुद्द्याचं. पाणी सरळ खाली उतरतं म्हणजे मुळं दाटलीच असा अर्थ लगेच काढू नका. तयार पॉटिंग मिक्समध्ये (कुंडीसाठीच्या पिशवीतल्या मातीत) पीट, म्हणजे दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, भरपूर असतं. ते एकदा पूर्ण वाळलं की आकसतं, कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि मग पाणी धरतच नाही. तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. हीटरच्या कोरड्या हवेत हे हमखास होतं. तेव्हा आधी झाड बाहेर काढून बघा. आदल्या दिवशी पाणी द्या, कुंडी चारी बाजूंनी दाबा, बुंध्याशी बोटांत धरून उलटी करा, कडेवर थोपटा. माती दिसत असेल आणि मुळं अधूनमधून, तर कुंडी पुरेशी आहे. मातीपेक्षा मुळंच जास्त आणि तीही गोल गोल फिरलेली, तर बदलायची वेळ झाली.

मोठ्या कुंडीचं गणित लोकांच्या लक्षात येत नाही, कारण आपण इंच तोंडाचे मोजतो. रुंदी दुप्पट झाली की उंचीही साधारण दुप्पट होते आणि माती जवळपास आठपट लागते. ६ इंचीत दोनेक लिटर, ८ इंचीत साडेचार-पाच, १२ इंचीत पंधराच्या आसपास. तुमचं झाड दोन लिटरमधलं पाणी पितं. त्याला पंधरा लिटर ओली माती दिलीत तर बाकीचं पाणी पिणार कोण? उन्हाळ्यात बाहेर उन्हावाऱ्याने ते उडून तरी जातं. हिवाळ्यात घरात, मंद उजेडात, माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. ओल्या मातीत हवा नसते आणि हवा नसली की मुळं कुजतात. वरून मात्र पानं पिवळीच दिसतात, तहानेने होतात तशीच. मग माणूस आणखी पाणी घालतो. कुंडी लहान पडल्याने झाड सहसा खुरटतं, पण मरत नाही. हिवाळ्यात अवाढव्य कुंडीत घातलेली रोपं मात्र मरताना मी पुष्कळ पाहिली आहेत.

तळाला खडी किंवा विटांचे तुकडे भरायचा सल्ला कोणीतरी देईलच. त्याने निचरा सुधारत नाही. कुंडीतल्या मातीचा सगळ्यात खालचा थर नेहमीच जास्त ओला असतो. खाली खडी घातली की तो ओला थर तेवढा वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकावर माती वाहू नये म्हणून जाळीचा तुकडा किंवा एखादी खापरी, बास.

जास्वंदी

माळीबुवा, काढून बघितलं! कडेला कात्री घालावी लागली, मग निघालं. तळाशी मुळांची जाड चकती झालीये, तिच्यावर कुंडीच्या भोकांचे ठसेसुद्धा उमटलेत. बाजूने पांढरट मुळं एकावर एक गुंडाळलेली, एक-दोन तपकिरी पण घट्ट आहेत. गंमत म्हणजे मध्ये बोट घातलं तर नर्सरीतला मूळचा छोटा गोळा तसाच आहे आणि आतून पावडर! इतकं पाणी घालत होते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही.

शिवाय हे एक झाड नाहीच, तीन रोपं चिकटून लावलेली आहेत. वेगळी करू का?

माळीबुवा

तुमच्याकडे दोन्ही गोष्टी झाल्यात, मुळंही दाटलीत आणि मधला गोळाही कोरडा पडलाय. पांढरी आणि घट्ट मुळं जिवंत आहेत, काळजी नाही. मऊ, बोटांनी साल सुटणारी आणि कुबट वासाची असती तर गोष्ट वेगळी होती.

आज एवढंच करा. झाड कुंडीत परत घाला आणि कुंडी कोमट पाण्याच्या बादलीत मातीच्या पातळीपर्यंत अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. मग नीट निथळू द्या. मधला गोळा भिजला की पिवळेपणा बराच थांबेल. कुंडी बदलायचं काम शेंड्याला नवी लाल-पोपटी फूट दिसली की करा, मार्च-एप्रिलमध्ये. त्या वेळी मुळं तुटली तरी झाड भरून काढतं. आत्ता ते झोपेत आहे.

तेव्हा तळाची चकती सुरीने सरळ कापून टाका, अर्धा-पाऊण इंच. बाजूने तीन-चार उभ्या चिरा द्या आणि मधला गोळा बोटांनी थोडा मोकळा करा. जीव कासावीस होईल, पण गोल फिरलेली मुळं तशीच ठेवली तर नव्या कुंडीतही ती गोलच फिरत राहतात. कुंडी ८ इंची, उंच असेल तर उत्तम, कारण कढीपत्त्याचं सोटमूळ खोल जातं. पॉटिंग मिक्समध्ये चौथा हिस्सा परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे). लावल्यावर भरपूर पाणी, मग वरचा इंचभर सुकेपर्यंत थांबायचं. खत महिनाभर नको.

तीन रोपं ओढून वेगळी करू नका, मुळं फाटतील. सगळ्यात मरतुकडं रोप मातीलगत कात्रीने कापा. उरलेली दोन सुखाने राहतील.

बर्फातली_बाग

मी टोरांटोतच आहे, माझी झाडं जुनी आहेत म्हणून पुढचं सांगते. ८ वरून १०, १० वरून १२, आणि मग थांबायचं. कारण झाडाचं नाही, आपल्या कंबरेचं! १२ इंची ओली कुंडी १५-२० किलो होते आणि ती वर्षातून दोनदा दाराच्या उंबऱ्यावरून न्यायची असते.

१२ नंतर कुंडी तीच ठेवून मुळं छाटते. दर दोन वर्षांनी, फूट येण्याच्या सुमारास, पाव कापायच्या सुरीने तळातून नि बाजूंनी दीड-दोन इंच काढायचे, तेवढी नवी माती भरायची आणि वरूनही झाड तिसऱ्या हिश्शाने छाटायचं. मुळं कमी केली तर पानंही कमी करावीच लागतात. छाटलेली पानं चटणीला.

बाल्कनीत व्हिक्टोरिया डेच्या (मे अखेरीकडची इथली सुट्टी) आधी ठेवू नका. नंतरही रात्री १० अंशांच्या खाली जाणार असतील तर आत घ्या, आणि पहिला आठवडाभर सावलीत, नाहीतर पानं भाजतात.

कापडी कुंड्यांबद्दल कोणी बोललं नाही. त्यांत मुळं कडेला हवेत येऊन आपोआप थांबतात, गोल फिरत नाहीत. चांगल्या असतात, पण हॉलमध्ये लाकडी जमिनीवर मी ठेवणार नाही. चहूबाजूंनी पाझरतात आणि हीटरसमोर भराभर सुकतात.

जास्वंदी

सगळ्यांचे आभार! बादलीत बुडवली तेव्हा पाच मिनिटं नुसते बुडबुडे येत होते. ८ इंची ठरली, मार्चअखेरीस लावते आणि फोटो टाकते. सासूबाईंना आठपट मातीचं गणित सांगितलं, त्यांना पटलं. आता नवऱ्याच्या १४ इंची सिरॅमिकचं काय करू? काल घेऊनच आलाय.

अंगणवेल

तिच्या आत एक वीट किंवा उपडी वाटी ठेवा आणि त्यावर ८ इंची कुंडी, ताटलीसकट. बाहेरून नवऱ्याची, आतून तुमची. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ताटली बघा आणि साचलेलं ओतून द्या.