कोकणकन्या एक्स्प्रेसमध्ये झोळी बांधता येते का?

मुलगी एक वर्ष आठ महिन्यांची आहे, मे महिन्यात ठाण्याहून कुडाळला आजोळी जायचंय. कारने नकोच, गेल्या वेळी परशुराम घाटात दोनदा उलटी झाली आणि पोर दिवसभर मलूल पडून होती. कोकणकन्याची थ्री एसीची दोन तिकिटं कन्फर्म आहेत, एक लोअर एक मिडल. पाच वर्षांखालच्या मुलांना वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही म्हणून ती माझ्याजवळच झोपणार. दिवसाच्या मांडवी एक्स्प्रेसने दिवसभर बसणं तिला जमणार नाही.

अडचण एकच, ती घरी आईच्या जुन्या नऊवारीच्या झोळीतच झोपते. पंधरा दिवस गादीवर सवय लावून पाहिली, मांडीवर थोपटलं, अंगाई गायली, पण डोळा लागला की दहा मिनिटांत दचकून उठते आणि मग हुंदके देत साडीचा पदर शोधत राहते, बघवत नाही हो. मोबाईल दाखवायचा नाहीये, झोपेचं औषधही नको.

ज्यांनी एसी डब्यात झोळी बांधलीय त्यांनी प्लीज सांगा, मिडल बर्थ उघडल्यावर खाली जागा उरते का, आणि नेमकी कशाला बांधलीत म्हणजे सुटणार नाही?