पहिली २६ जानेवारीची परेड स्टेडियममध्ये झाली होती?

कृष्णाकाठ: आठवीच्या मुलीच्या भाषणात ‘पहिली परेड राजपथावर झाली’ असं वाक्य आहे. शाळेतले एक सर म्हणतात, ती कुठल्याशा आयर्विन स्टेडियममध्ये झाली. मला आयर्विन म्हटलं की सांगलीचा पूल तेवढा ठाऊक! खरं काय?

खडकीकर: सरांचं बरोबर आहे. पुलाचा आणि स्टेडियमचा आयर्विन एकच, तो व्हाइसरॉय. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १९३३ मध्ये हे ‘आयर्विन अ‍ॅम्फिथिएटर’ उभं राहिलं, आराखडा कॅनॉट प्लेसवाल्या रसेलसाहेबाचा. जागा इंडिया गेटच्या मागे, पुराना किल्ल्याला लागून. त्या परेडच्या फोटोंत किल्ल्याची भिंत दिसते ती त्यामुळेच. १९५० च्या २६ जानेवारीला राजेंद्रबाबूंनी सकाळी शपथ घेतली. दुपारी अडीचला बग्गीतून निघाले ते पावणेचारला इथे पोचले. एवढ्याशा अंतराला सव्वा तास, म्हणजे रस्त्यात गर्दी किती असेल बघा. ३१ तोफांची सलामी, संचलनाला तिन्ही दलांचे मिळून तीनेक हजार जवान, पाहुणे इंडोनेशियाचे सुकार्नो.

कृष्णाकाठ: मग राजपथ पुढच्या वर्षीपासून का?

खडकीकर: नाही हो. १९५४ पर्यंत बिऱ्हाड पाठीवर होतं: कधी किंग्जवे (म्हणजे राजपथच, जुन्या नावाने), कधी लाल किल्ला, कधी रामलीला मैदान. १९५५ पासून राजपथ कायम झाला.

गिरगावची_चाळ: खेळाचंही सांगा की राव! १९५१ च्या मार्चमध्ये पहिले आशियाई खेळ इथेच झाले, अकरा देश आले होते. त्याच सुमारास नाव बदलून नॅशनल स्टेडियम केलं. आपल्या मुंबईच्या लेव्ही पिंटोने १०० आणि २०० मीटर, दोन्ही सुवर्णपदकं मारली. फुटबॉलच्या फायनलला मेवालालच्या गोलवर इराणला १-० हरवलं. आज कुणाला सांगितलं तर थट्टा वाटते.

खडकीकर: पिंटोचं राहिलंच, आभार. १९८२ च्या एशियाडला मोठा मान नव्या नेहरू स्टेडियमने नेला, इथे हॉकी उरली. नोकरीमुळे मी तेव्हा दिल्लीतच होतो, फायनलला गेलो. पहिला गोल आपला होता, स्टँड नुसता पेटला. मग पाकिस्तानने सात घातले. बाहेर पडताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बायकांच्या संघाने सुवर्ण आणलं, त्याची आठवण मात्र कुणी काढत नाही. आणि एक सल सांगतो. ध्यानचंद १९७९ मध्ये याच दिल्लीत, एम्समध्ये गेले. स्टेडियमला त्यांचं नाव लागलं २००२ मध्ये. तेवीस वर्षं कुणाला सुचू नये?

दिल्लीकर_मराठी: काका, उशिरा का होईना, लागलं ना. २०१० च्या हॉकी वर्ल्ड कपसाठी स्टेडियम नव्याने बांधलं, पहिल्याच सामन्यात पाकिस्तानला ४-१ धुतलं. मी स्टँडमध्ये होतो, घसा बसला. ८२ चा हिशेब चुकता झाला म्हणा.

खडकीकर: घसा बसला ते बरं झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात, त्याच टर्फवर, कॉमनवेल्थच्या फायनलला ऑस्ट्रेलियाने आपल्याला आठ मारले आणि आपला एकही नाही. तेही वहीत लिहा.