ठाण्याहून नाशिकला जाताना आजी-आजोबांनाही विचारा

ठाण्यातील भाडे झेपत नाही आणि तीन वर्षांच्या मुलीला आजी-आजोबांचा सहवास मिळावा, म्हणून नाशिकला राहायला जावे का, हा आपला प्रश्न मला फार जवळचा वाटला, कारण काही वर्षांपूर्वी आम्हीही डोंबिवली सोडून नाशिकच्या इंदिरानगरला, सासूबाईंच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, राहायला आलो.

 माझ्या मते खरा हिशेब घरांच्या किमतींपेक्षा प्रवासाचा आहे. आठवड्यातून दोन दिवस मुंबईचे कार्यालय गाठायचे असेल, तर पंचवटी एक्सप्रेसने साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्याने कसारा घाट टळत असला, तरी पथकर आणि इंधन भाड्यातील बचतीचा मोठा वाटा खाऊन टाकतात. म्हणून लगेच घर विकत न घेता आधी 11 महिन्यांचा भाडेकरार करावा.

मात्र सर्वांत आधी आई-वडिलांशी मोकळेपणाने बोला. नातवाला रोज किती वेळ सांभाळणे झेपेल, हे आम्ही विचारलेच नव्हते. गुडघे दुखत असूनही सासूबाई वर्षभर काही बोलल्या नाहीत, याची खंत मला आजही आहे. अखेर आम्ही मुलाला दुपारपर्यंत पाळणाघरात ठेवू लागलो आणि चारनंतरचा वेळ आजीचा झाला.